सोळा की चार?

आमच्या घरी गेल्या भाद्रपदापासून एक वाद चालू होता. वाद माणसांचा नव्हे, यंत्रांचा. परंतु एकत्र कुटुंबात यंत्रांचा वाद माणसांपर्यंत पोहोचावयास वेळ लागत नाही, हे या सदराच्या वाचकांस सांगावयास नकोच.

पहिले यंत्र माझ्या कैलासवासी वडिलांचे. सोलापुरातील एका गिरणीच्या वीजखात्यात त्यांची उभी हयात गेली. त्या गिरणीचा भोंगा थांबून आता कितीतरी वर्षे लोटली, पण फावल्या वेळात त्यांनी स्वहस्ते बांधलेला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आमच्या कसब्यातील घरी माजघराच्या फडताळात अद्यापि आहे. गणपतीपुढले मेळे, श्रावणातली कीर्तने, आळीतली एक-दोन लग्ने, या सर्वांस त्याने आवाज पुरविला. त्याच्या पाठीवर चार, आठ व सोळा ओहमच्या तीन खुंट्या आहेत. त्यांपैकी चार व आठ यांच्या आतील तारा केव्हाच तुटल्या आणि आज केवळ सोळाची खुंटी जिवंत आहे. दुसरे यंत्र माझ्या पुतण्याचे. तो गिटार वाजवितो. त्याचा ॲम्प्लिफायर ट्रान्झिस्टरचा, नवा, व त्यावर स्पष्ट छापले आहे की, चार ओहमपेक्षा कमी भार त्यास जोडू नये. चार ओहमवर मात्र तो आपली पूर्ण शक्ती, म्हणजे शंभर वॅट, देतो. पेटी एकच, तीत बारा इंची दोन स्पीकर, प्रत्येकी आठ ओहमचे. ही एकच पेटी दोन्ही यंत्रांस चालावी, त्यासाठी तीत एक बटण बसवावे, असा पुतण्याचा हट्ट होता.

वहिनींचा या बेतास सक्त विरोध. त्यास कारणही तसेच होते. दोन वर्षांपूर्वी एका संमेलनात आवाज कमी पडतो म्हणून कोणीतरी उत्साहाने पुतण्याच्या पेटीशेजारी दुसरी पेटी जोडून दिली. दोन गाणी झाली, तिसऱ्यात जळका वास सुटला आणि त्याचा पहिला ॲम्प्लिफायर कायमचा मुका झाला. तो वहिनींनी भिशीच्या पैशांतून घेऊन दिला होता. "भाऊजी, तुम्ही त्याला नादी लावू नका," असे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावले. आईचे म्हणणे निराळे. "त्यांच्या यंत्राला हात लावायचा असेल तर आधी मला समजावून सांगा. मला पटले तर लावा." आई ब्याऐंशी वर्षांची आहे व तिने तीस वर्षे शाळेत गणित शिकविले आहे. तेव्हा समजावून सांगण्याची जबाबदारी माझ्यावर आली.

प्रथम ओहम म्हणजे काय ते पाहू. जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम याने 1827 साली विजेचा दाब, प्रवाह व रोध यांचा संबंध ग्रंथरूपाने मांडला. त्याचेच नाव पुढे रोधाच्या मापास मिळाले. पण स्पीकरवर लिहिलेले आठ ओहम म्हणजे नुसता तारेचा रोध नव्हे. स्पीकरच्या आत चुंबकाच्या फटीत तारेचे एक हलके वेटोळे असते, त्याला कागदी शंकू चिकटविलेला असतो. राइस आणि केलॉग या दोघा अमेरिकनांनी 1925 च्या सुमारास ही रचना जगापुढे मांडली व आजही ती जवळजवळ तशीच चालते. या वेटोळ्यात गाण्याची वीज सारखी दिशा बदलीत धावते, त्यामुळे तारेच्या रोधाखेरीज वेटोळ्याचा व शंकूच्या हालचालीचा विरोधही तीत मिसळतो. या एकंदर विरोधास शास्त्रीय मराठीत संरोध म्हणतात, बाजारात इंपिडन्स म्हणतात. तो स्वराप्रमाणे बदलतो. गिटारच्या स्पीकरमध्ये खालच्या एका विशिष्ट स्वराशी तो छापील आकड्याच्या कितीतरी पट चढतो, मधल्या स्वरांशी उतरतो, वरच्या स्वरांशी पुन्हा चढतो. म्हणून आठ हा आकडा केवळ ओळखीचा. साधे मीटर लावले तर ते सरळ विजेने तारेचा रोध तेवढा मोजते आणि आठ ओहमच्या स्पीकरवर साधारणपणे सहा-साडेसहा दाखविते. पुतण्याने मीटर लावून "काका, दुकानदाराने फसवले!" असे म्हणून मला दुपारच्या झोपेतून उठविले, ते याच कारणाने. दुकानदार निर्दोष होता.

आता जोडणी. सोलापूरकरांस नळाच्या पाण्याचा हिशेब तोंडपाठ असतो, म्हणून मी आईस पाण्याचाच दाखला दिला. एका टाकीस एकाच नळीवर एकामागून एक दोन अरुंद तोट्या बसविल्या तर पाण्यास दोन्हींतून वाट काढावी लागते, धार बारीक होते. ही एकसर जोडणी. त्याच टाकीस शेजारी-शेजारी दोन तोट्या बसविल्या तर टाकी झपाट्याने रिकामी होते; ही समांतर जोडणी. एकसर जोडणीत संरोधांची बेरीज होते, आठ आणि आठ सोळा. समांतर जोडणीत सारख्या दोन स्पीकरांचा संरोध निम्मा होतो, आठाचे चार. येथे आईने मला थांबविले. "म्हणजे आठ आणि आठांतून आठ काही निघत नाहीत." नाही निघत. दोन स्पीकरांपासून आठ हवे असतील तर सोळा-सोळाचे दोन समांतर जोडावे, अथवा चार-चारांचे दोन एकसर. आठांचे चार स्पीकर असतील तर दोन-दोनांच्या एकसर जोड्या करून त्या जोड्या समांतर जोडाव्या, पुन्हा आठच येतात. आमच्या पेटीपासून मात्र सोळा किंवा चार, एवढेच. आणि योगायोग असा, की वडिलांच्या यंत्रास सोळाच हवे होते व पुतण्याच्या यंत्रास चारच.

संमेलनातील अपघाताचा उलगडा येथेच होतो. पुतण्याची तेव्हाची पेटी चार ओहमची होती, शेजारची दुसरीही चारचीच. दोन्ही समांतर लागल्या व यंत्रापुढे दोनच ओहम उभे राहिले. ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर आपला दाब सहसा सोडीत नाही. वीस व्होल्ट दाब धरला तर सोळा ओहमवर पंचवीस वॅट, आठवर पन्नास, चारवर शंभर, आणि दोनवर दोनशे वॅट व दहा अँपिअर त्याच्याकडून मागितले जातात. त्यात सोलापूरचा वैशाख, सभागृहात वारा नाही. बिचारे यंत्र मागेल त्यास देत गेले आणि जळाले.

व्हॉल्व्हच्या यंत्राची तऱ्हा उलटी. व्हॉल्व्हला आपल्यापुढे काही हजार ओहम लागतात, स्पीकर तर बोटांवर मोजण्याइतक्या ओहमचा. ही सोयरीक जुळविण्याचे काम मधला ट्रान्सफॉर्मर करितो. त्याच्या वेढ्यांचे प्रमाण विसास एक असेल तर संरोध विसाच्या वर्गाने, म्हणजे चारशेपट, वाढून दिसतो. सोळाचा स्पीकर व्हॉल्व्हला चौसष्टशे ओहमचा वाटतो. त्याच खुंटीवर पेटी चुकून चार ओहमवर ठेवून जोडली तर व्हॉल्व्हपुढे सोळाशेच उभे राहतात. आवाज दबतो, व्हॉल्व्ह तापतात, त्यांचे आयुष्य घटते. परंतु याहून भयंकर गोष्ट म्हणजे पेटी न जोडता हे यंत्र वाजविणे. भारच नाही अशा स्थितीत ट्रान्सफॉर्मरच्या पहिल्या वेढ्यांत दाब इतका चढू शकतो की आतील आवरण फुटून ठिणगी पडते. ट्रान्झिस्टरच्या यंत्रास मोकळे तोंड सहसा बाधत नाही, शॉर्ट मात्र मारते. व्हॉल्व्हच्या यंत्रास मोकळे तोंडच मारते.

हे सर्व ऐकून आईने जो प्रश्न विचारला, त्याने माझी पाचावर धारण बसली. ती म्हणाली, "मग बटण सोळावरून चारवर जाताना मध्ये काय होते?"

हा प्रश्न तिला सुचला तो गिरणीमुळे. गिरणीतील मोठ्या मोटारी एकदम पूर्ण दाबावर चालू करीत नाहीत. त्यांच्या तीन वेटोळ्यांची प्रथम चांदणीसारखी, म्हणजे स्टार, जोडणी करितात. तीत प्रत्येक वेटोळ्यावर दाबाचा सुमारे अठ्ठावन्न टक्के भागच येतो व वाहिनीतून ओढला जाणारा प्रवाह एक-तृतीयांशावर राहतो. मोटारीने वेग घेतला की दांडा ओढून तीच वेटोळी त्रिकोणात, डेल्टामध्ये, जोडतात. वडील रात्री जेवताना या दांड्याच्या गोष्टी सांगत. दांडा ओढताना मधल्या क्षणी मोटार वाऱ्यावर असते, तो क्षण रेंगाळू देणारा माणूस कामाचा नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ती वेटोळी आणि हे स्पीकर, तोच प्रकार आहे हे आईने माझ्याआधी ओळखिले.

बटणाची रचना सांगतो, म्हणजे तिच्या प्रश्नाचे उत्तर मिळेल. बटण सहा टोकांचे घ्यावे, दोन रांगा, प्रत्येकीत तीन टोके. मधली दोन टोके मुख्य. पहिल्या स्पीकरचे धन टोक पेटीच्या भोकातील धन तारेस कायमचे जोडावे, दुसऱ्या स्पीकरचे ऋण टोक ऋण तारेस कायमचे. पहिल्याचे ऋण टोक एका रांगेच्या मध्यावर, दुसऱ्याचे धन टोक दुसऱ्या रांगेच्या मध्यावर. वरची दोन टोके एकमेकांस आखूड तारेने जोडावी. दांडी तिकडे असता पहिल्याचे ऋण दुसऱ्याच्या धनास मिळते व सोळा ओहम होतात. खालच्या टोकांपैकी पहिल्या रांगेतले पेटीच्या ऋणास, दुसऱ्या रांगेतले धनास. दांडी तिकडे असता दोन्ही स्पीकर शेजारी-शेजारी लागून चार ओहम होतात. अशा जोडणीत दांडी मधे असते तेव्हा दोन्ही मुख्य टोके अधांतरी, म्हणजे यंत्राचे तोंड पूर्ण मोकळे. यावर कोणी म्हणेल, नवीन जोड लागल्यावरच जुना सुटेल असे बटण घ्यावे. तसे बटण मिळते, पण येथे ते घातक आहे. मधल्या क्षणी धन तार, वरची आखूड तार व ऋण तार सलग होऊन सरळ शॉर्ट होते. तेव्हा बटण आधी सुटून मग लागणारेच हवे, आणि यंत्र चालू असता त्यास बोटही लागू नये.

बटणाच्या ताकदीकडेही लक्ष असावे. शंभर वॅट चार ओहमवर जातात तेव्हा पाच अँपिअर वाहतात. नखाएवढी नाजूक बटणे त्यास पुरत नाहीत. आम्ही दहा अँपिअरचे घेतले. तारही जाड, घरच्या विजेस वापरतात तशी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची. गिटारची जाळीदार केबल ॲम्प्लिफायरपासून पेटीपर्यंत वापरणारे लोक मी पाहिले आहेत. तिच्या पोटातील तार केसाएवढी, ती यासाठी नव्हेच. डाख प्रत्येक टोकास चांगला चमकेपर्यंत द्यावा. आणि वाचकांनी एवढे अवश्य ध्यानात ठेवावे, की पेटीचे काम निराळे व व्हॉल्व्हच्या यंत्राचे पोट निराळे. त्या पोटात तीन-चारशे व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ धारित्रांत दबा धरून बसतो. वडिलांचे यंत्र आम्ही उघडले नाही. तुटलेल्या दोन खुंट्यांचा मोह मलाही झाला होता, हे कबूल करितो.

बाहेरच्या जगात ही युक्ती जुनी आहे. मूळच्या लंडनच्या मार्शल कंपनीच्या चार स्पीकरांच्या पेट्या गिटारवाल्यांत प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी एका नामांकित पेटीच्या पाठीवर चार, सोळा व आठ-आठ अशी निवड असते. आत सोळा ओहमचे चार स्पीकर, दोन-दोन समांतर लावून आठ-आठांच्या दोन बाजू केलेल्या. दोन बाजू वेगळ्या चालविल्या तर आठ आणि आठ, समांतर केल्या तर चार, एकसर केल्या तर सोळा. हिशेब आमचाच, केवळ एक पायरी पुढचा. आपल्याकडचे मंडपवाले मात्र ओहमच्या वाटेसच जात नाहीत. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराच्या परिसरात खांबाखांबावर भोंगे दिसतात, त्यांपैकी लांबवर टांगलेल्या प्रत्येकाच्या मागे छोटा ट्रान्सफॉर्मर असतो; ॲम्प्लिफायर शंभर व्होल्टच्या दाबाने तार भरतो व मंडपवाला नुसती वॅटांची बेरीज करितो. दहा वॅटांचे दहा भोंगे, यंत्र शंभर वॅटांचे, पुरे. शाळेत न गेलेला पोऱ्याही हे गणित चुकत नाही. संमेलनातील आमच्या पदवीधर मंडळींकडे असा एखादा पोऱ्या असता तर वहिनींची भिशी वाचली असती.

पेटी तयार झाली आणि वाजली, पण पोकळ वाजली. खालचे स्वर कोठे गेले कळेना. पुतण्या बटणास दोष देऊ लागला, मी स्पीकरांना. दोष माझा होता. एका स्पीकरच्या तारांचे रंग मी उलट धरले होते, त्यामुळे एक शंकू पुढे येई तेव्हा दुसरा मागे जाई आणि दोघे मिळून हवा ढकलण्याऐवजी एकमेकांची ढकललेली हवा गिळीत. दीड व्होल्टचा बॅटरीचा सेल क्षणभर स्पीकरच्या टोकांस लावून पाहावा. सेलचे धन स्पीकरच्या धनास असता शंकू पुढे आला पाहिजे. दोन्ही शंकू एकाच दिशेस हलेपर्यंत पेटी बंद करू नये. मग मीटर लावले. सोळाच्या बाजूस 12.8, चारच्या बाजूस 3.2. प्रत्येक स्पीकर 6.4 चा होता, तेव्हा हिशेब बरोबर.

आता मुख्य प्रश्न राहिला, व तोही आईनेच काढिला. "सोळावर ठेवले तर दोन्ही यंत्रे सुरक्षित. मग कायम सोळावरच ठेवा की! बटण कशाला?" पुतण्या उसळला. सोळावर त्याच्या शंभर वॅटांचे पंचवीसच राहतात, तीन-चतुर्थांश शक्ती फुकट! तिचे म्हणणे मला तितकेसे सोडून देण्याजोगे वाटले नाही. वॅट चौपट केले म्हणून आवाज चौपट होत नाही. ध्वनीच्या मापात तो सहा डेसिबलच वाढतो, आणि कानास दुप्पट वाटावयास सुमारे दहा डेसिबल, म्हणजे दसपट वॅट, लागतात. घरात तर पंचवीस वॅटही अतिच होतात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 व रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. गिटारच्या पेटीने ती ओलांडावयास पाच वॅटही खूप झाले. सभागृहात मात्र, ढोलवाद्यांच्या शेजारी, ते सहा डेसिबल उपयोगी पडतात, हे पुतण्याचे म्हणणेही खोटे नाही. चार ओहमची गरज वर्षातून पाच-सहा वेळा, आणि तीही घराबाहेर. वडिलांचे यंत्र घराबाहेर जातच नाही.

शेवटी तोड निघाली ती अशी. बटण पेटीच्या पाठीस आत बुडवून बसविले व दांडी सोळावर असता तिच्यावर पत्र्याची एक पट्टी स्क्रूने आवळली. चारवर जावयाचे तर पेचकस आणून पट्टी काढावी लागते; तेवढ्यात यंत्र बंद आहे की नाही हे पाहण्याची शुद्ध माणसास येते. पट्टीवर वहिनींनी स्वतः रंगाने मोठा 16 काढला. पाठीवर दुसरे भोकच ठेविले नाही, म्हणजे शेजारी आणखी एखादी पेटी जोडून देण्याचा उत्साह कोणास आला तरी तार खुपसावयास जागा नाही. ही सूचना वहिनींचीच होती आणि सर्व बेतातील सर्वांत शहाणी सूचना तीच, असे माझे मत आहे.

कोजागरीस वडिलांचे यंत्र बऱ्याच वर्षांनी पेटीस लागले. व्हॉल्व्ह तांबूस झाले, थोडी घरघर आली, मग ती निवली. पुतण्याने हळू आवाजात एक जुनी नांदी गिटारवर धरली. आई आतल्या खोलीत पडून ऐकत होती, तिने ताल धरल्याचे पलंगाच्या आवाजावरून कळत होते. पावणेदहाला तिने आतूनच विचारले, "कितीवर आहे रे?"

"सोळावर, आजी."

"आणि आता बंद करताना आधी काय करशील?"

"आधी आवाज शून्यावर, मग यंत्राचा स्विच, मग भिंतीवरचा. पेटीची तार सर्वांत शेवटी, व्हॉल्व्ह निवल्यावर."

"बरं. दूध प्यायलास का?"